डेर, डी, दास आणि आमचे सर

पुण्यात अकरावीला जर्मन घेणारी बरीचशी पोरं 'स्कोरिंग' म्हणून घेतात. आमची बॅचही तशीच. सर मात्र तीसेक वर्षं एकाच हट्टाने शिकवत होते. आर्टिकलशिवाय नाम उच्चारलं की उत्तर चूक! नुसतं 'टिश' नाही, 'डेर टिश'. मग आख्ख्या वर्गाने तीनदा मोठ्याने म्हणायचं. रोज. पोरं जाम वैतागायची.

वैतागण्यासारखंच आहे म्हणा. चमचा पुल्लिंगी (डेर ल्योफेल), काटा स्त्रीलिंगी (डी गाबेल) आणि सुरी नपुंसकलिंगी (दास मेसर). यात लॉजिक काय? कोणी विचारलंच तर सर म्हणायचे, "मराठीत तो चमचा, ती सुरी आणि ते ताट का, सांग बघू?" वर्ग चिडीचूप.

थोडेफार नियम आहेत. लघुत्व दाखवणारा 'शन' शेवटी लागला की शब्द नपुंसकलिंगी, म्हणून मुलगीसुद्धा 'दास मेडशन'! पण बाकी बहुतेक सगळं कानातूनच आत जातं. म्हणूनच मला वाटतं, घोकंपट्टीला सरसकट नावं ठेवणं बरोबर नाही. अ‍ॅपवर चुकलं तर फोन टुण्ण करतो आणि आपण पुढे सरकतो. सर पुढे सरकू द्यायचे नाहीत.

आमच्या आयटीत तीन वर्षं एकाच कंपनीत काढली की लोक विचारतात, "अडकलास का रे?" तीस वर्षं तेच शिकवणाऱ्या माणसालाही आपण हेच लेबल लावतो. बारावीचे मार्क आता कोणी विचारत नाही. सुरी हातात घेतली की 'दास' मात्र अजून आपोआप आठवतं.