साखर खाल्ली, पुढे काय?

नाशिकला डिसेंबर २०२१ मध्ये भरलेल्या ९४ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद जयंत नारळीकरांकडे होते, म्हणजे एका विज्ञानकथाकाराकडे. त्यांच्या वाटेने जाऊन साखर फस्त करणारा काल्पनिक सूक्ष्मजीव रचू पाहणाऱ्यांनी नाशिकच्याच एखाद्या वायनरीत डोकावावे. जीव काय खातो हे सगळेच लिहितात. तो टाकतो काय, हे लिहायचे राहून जाते. कथा तिथेच लंगडी पडते.

द्राक्षरसातले यीस्ट ग्लुकोजच्या एका रेणूपासून अल्कोहोलचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू बनवते. त्यातून ऊर्जा मिळते तुटपुंजी, म्हणून खाणे अधाशी. अल्कोहोल १५ टक्क्यांच्या आसपास गेले, की साखर उरलेली असूनही बहुतेक यीस्ट स्वतःच्याच टाकाऊ पदार्थात मरते. टाकीत साचलेला वायू तर माणसाचाही जीव घेतो. हवा तपासल्याशिवाय आत उतरायचे नसते.

असा जीव आपल्या तोंडातही आहे. दातांवरचा स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स साखर खाऊन लॅक्टिक आम्ल सोडतो. सामू ५.५ च्या खाली घसरला, की इनॅमल विरघळू लागते. लाळ ते आम्ल हळूहळू निवळते. पण दर अर्ध्या तासाला गोळी चघळणाऱ्या मुलाच्या तोंडात तिला तेवढी उसंतच मिळत नाही.