गर्भातले हिमोग्लोबिन मिटते कसे

प्रौढ माणसाच्या अस्थिमज्जेत दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या रक्तपेशी तयार होतात, आणि ज्या रक्तमूलपेशींपासून त्या उपजतात त्यांच्यापासूनच रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेटही जन्माला येतात. मूलपेशीचे असे ठरावीक काम करणाऱ्या पेशीत रूपांतर होणे, ज्याला जीवशास्त्रात विभेदन म्हणतात, ते नवी जनुके मिळाल्याने होत नाही. हाती असलेल्या जनुकांपैकी कोणती वाचली जातील आणि कोणती मिटून ठेवली जातील, यावर ते ठरते. मूलपेशींच्या सार्वजनिक चर्चेत 'कोणतेही रूप घेऊ शकणारी पेशी' या वर्णनाचे एवढे कौतुक होते की तिला एकच रूप घ्यायला लावणाऱ्या नियमनाकडे लक्षच जात नाही, आणि विदर्भाला व सातपुड्याला ज्याची सर्वांत जास्त गरज आहे तो सिकलसेल या रक्ताच्या आजारावरचा उपचार तर या नियमनाच्या अभ्यासातूनच निघाला आहे.

मानवी पेशीतील डीएनए सलग मांडला तर त्याची लांबी सुमारे २ मीटर भरते. तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या केंद्रकात मावतो, कारण हिस्टोन नावाच्या आठ प्रथिनांच्या प्रत्येक गाभ्याभोवती १४७ बेस-जोड्यांचा तुकडा रिळावरच्या दोऱ्यासारखा सुमारे पावणेदोन वेढे घेतो, आणि असे लक्षावधी गाभे एकामागून एक रचलेले असतात. डीएनए आणि प्रथिने यांच्या या संयुक्त रचनेला क्रोमॅटिन म्हणतात. हिस्टोनांच्या बाहेर डोकावणाऱ्या टोकांवर ॲसिटिल गट चढले की ही रचना सैल होऊन जनुक वाचता येते, ते उतरवले गेले की ती आवळली जाते. मिथिल गटाचा परिणाम मात्र तो नेमका कुठे लागला यावर अवलंबून असतो. ब्रॅडली बर्नस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये उंदराच्या भ्रूणमूलपेशींत असे दाखवले की विकासाची दिशा ठरवणाऱ्या अनेक जनुकांवर वाचनाला अनुकूल आणि प्रतिकूल अशा दोन्ही खुणा एकाच वेळी असतात, आणि पेशीने वाट निवडली की बहुधा त्यांतली एकच उरते.

ही वाट निवडणारी प्रथिने डीएनएवरील ठरावीक क्रम ओळखून तिथे बसतात. रक्ताच्या बाबतीत गाटा-१ हे प्रथिन पेशीला तांबड्या पेशीकडे नेते, पीयू-१ हे पांढऱ्या पेशींच्या काही प्रकारांकडे नेते, आणि दोघे एकमेकांचे काम रोखतात. त्यामुळे एकाची सरशी होऊ लागली की दुसरी वाट हळूहळू बंद होत जाते. गाटा-१ची सरशी झालेल्या पेशीत पुढे हिमोग्लोबिनचा साठा वाढत जातो, क्रोमॅटिन अधिकाधिक घट्ट होते आणि अखेरीस ती पेशी आपले केंद्रकच बाहेर टाकून देते. एवढ्या टोकाला गेलेले विभेदन मानवी शरीरात फार थोड्या ठिकाणी दिसते.

हिमोग्लोबिनचा एक घटक असलेल्या बीटा-ग्लोबिनचे जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे, आणि त्याच्या शेजारी त्याच कुळातली आणखी काही जनुके ज्या क्रमाने आयुष्यात वापरली जातात जवळपास त्याच क्रमाने मांडलेली आहेत: आधी भ्रूणावस्थेतले, मग गर्भावस्थेतली गॅमा जनुके, शेवटी प्रौढांचे बीटा. या ओळीपासून दूर असलेला एक नियामक प्रदेश क्रोमॅटिनचा वळसा घालून ज्या जनुकाशी जोडला जातो, ते जनुक जोमाने वाचले जाते. जन्मानंतर काही महिन्यांत ही जोडणी गॅमाकडून बीटाकडे जाते. सिकलसेलच्या रुग्णाचे बीटा जनुक एकाच बेसच्या बदलाने दोषी झालेले असते आणि त्यातून तयार होणाऱ्या हिमोग्लोबिनचे रेणू ऑक्सिजन सोडल्यावर एकमेकांना चिकटून पेशीला विळ्याचा आकार देतात. मात्र गॅमा जनुकांपासून बनणारे गर्भीय हिमोग्लोबिन टिकून असेपर्यंत बाळाला त्रास जाणवत नाही, ही गोष्ट न्यूयॉर्कमधील बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी १९४८ मध्येच नोंदवली होती.

गॅमा जनुके कोण मिटवते याचे उत्तर मिळायला पुढे साठ वर्षे लागली. काही प्रौढांच्या रक्तात गर्भीय हिमोग्लोबिन जास्त का राहते याचा माग काढताना संशोधक दुसऱ्या गुणसूत्रावरील बीसीएल११ए या जनुकापर्यंत पोहोचले, आणि विजय शंकरन व स्टुअर्ट ऑर्किन यांच्या गटाने २००८ मध्ये दाखवले की या जनुकाचे प्रथिन गॅमा जनुकांना दाबून ठेवते. ते गॅमा जनुकाच्या अगदी अलीकडे बसते आणि ॲसिटिल गट उतरवणाऱ्या प्रथिनांना तिथे बोलावते. पण बीसीएल११ए तोडून टाकणे हा उपाय होऊ शकत नव्हता, कारण हेच जनुक बी-लिम्फोसाइट घडवायला आणि मेंदूच्या विकासालाही लागते. २०१३ मध्ये सापडले ते असे की या जनुकाच्याच आत, त्याच्या प्रारंभापासून सुमारे ५८,००० बेस-जोड्यांवर, कोणतेही प्रथिन न घडवणारा एक एन्हान्सर, म्हणजे जनुकाचे वाचन वाढवणारा तुकडा आहे आणि तो तांबड्या पेशींच्या वाटेवरच कामाला येतो. त्यात गाटा-१ची बसण्याची जागा आहे. ही जागा जनुक-संपादनाच्या क्रिस्पर तंत्राने मोडली की तांबड्या पेशींच्या पूर्वज पेशींत बीसीएल११ए घटते, गॅमा जनुके पुन्हा वाचली जातात, आणि बाकीच्या पेशींचे कामकाज अबाधित राहते. पेशीची ओळख जनुकात नसून नियमनात आहे, याचा याहून ठोस पुरावा वैद्यकाने आजवर क्वचितच दिला असेल. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि पुढच्याच महिन्यात अमेरिकेने या उपचाराला मान्यता दिली.

अमेरिकेत या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर आहे, आणि दुरुस्त केलेल्या मूलपेशींना जागा करून देण्यासाठी रुग्णाची जुनी अस्थिमज्जा तीव्र रसायनांनी आधी रिकामी करावी लागते. गडचिरोली, चंद्रपूर किंवा नंदुरबारच्या आदिवासी पाड्यातल्या मुलासाठी ही वाट आज अस्तित्वातच नाही. भारतातील अनेक रुग्णांत गर्भीय हिमोग्लोबिन आफ्रिकी वंशाच्या रुग्णांहून जास्त आढळते म्हणून इथला आजार सौम्य, असा समज बरीच वर्षे राहिला. विदर्भात वेदनेच्या झटक्यांनी वारंवार रुग्णालयात दाखल होणारी मुले पाहिल्यास तो समज किती अपुरा आहे हे कळते. केंद्र सरकारने २०२३ मध्ये सुरू केलेल्या सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा भर तपासणीवर आहे आणि ती हवीच, पण निदानाचे कार्ड हाती देऊन आजार थांबत नाही.

म्हणूनच क्रोमॅटिनच्या मूलभूत संशोधनाला उपयोगाची कसोटी लावून हात आखडता घेणे महाराष्ट्राला परवडणारे नाही. पुण्यात एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेत आणि पुढे आयसर या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत संजीव गलांडे यांच्या गटाने सॅटबी-१ या क्रोमॅटिनची मांडणी करणाऱ्या प्रथिनावर दीर्घकाळ काम केले आहे, आणि रक्तातल्या टी-पेशी घडण्याशी त्याचा थेट संबंध आहे. हे ज्ञान आणि विदर्भातले रुग्ण यांच्यात अंतर राहण्याचे कारण वैज्ञानिक नाही. दरम्यान, गोळीने साधता येईल असा मार्गही दिसू लागला आहे: गॅमा जनुके मिटवण्यात भाग घेणारे विझ नावाचे आणखी एक प्रथिन पेशीकडूनच नष्ट करवून घेणारा रेणू २०२४ मध्ये प्रयोगशाळेत तयार झाला असून प्राण्यांमध्ये त्याने गर्भीय हिमोग्लोबिन वाढवले आहे. अशी गोळी येईपर्यंत गर्भीय हिमोग्लोबिन वाढवणारे हायड्रॉक्सीयुरिया हे जुने, स्वस्त औषध प्रत्येक बाधित तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, रक्ततपासणीच्या सोयीसह, खंड न पडता मिळत राहणे एवढी मागणी तरी आजच पूर्ण करता येण्यासारखी आहे.