चाप ओढण्याआधीचे तीस मीटर

चंद्रपूर किंवा गडचिरोलीत वाघाने माणूस मारला की पुढचे दोन दिवस कसे जाणार, हे आता कुणीही सांगू शकेल. मृतदेह उचलू न देणारा जमाव, वनाधिकाऱ्यांना घेराव, लोकप्रतिनिधींचे निवेदन आणि त्या निवेदनात हमखास एक मागणी : शार्पशूटर बोलवा. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यातल्या मेंढा-मालच्या तीन बायका तेंदूपाने तोडायला गेल्या आणि वाघिणीने एकाच दिवशी तिघींचा जीव घेतला. अशा वेळी गावाचा राग अनावर झाला, तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार नागपूर-मुंबईत बसलेल्यांना नाही. पण या मागणीच्या पोटात एक समजूत दडलेली असते, ती तपासायलाच हवी. ती अशी की, आपल्याकडे चांगले हत्यार नाही म्हणून हे घडते. लांब पल्ल्याची रायफल, रात्री दिसणारी दुर्बीण, थर्मल कॅमेऱ्याचा ड्रोन आणि बाहेरून आणलेला नामांकित नेमबाज मिळाला, तर काम एका रात्रीत होईल. सरकारलाही ही समजूत सोयीची आहे, कारण हत्यार विकत घेता येते. माझे म्हणणे असे की, वाघाच्या बाबतीत खरा कस चाप ओढण्याच्या क्षणी लागतो तो थोडा; बाकी सगळा त्याच्या आधीच लागून गेलेला असतो, आणि तो विकत मिळत नाही.

आधी साधे गणित पाहू. कोणत्याही रायफलीने एकाच ठिकाणी नेम धरून अनेक गोळ्या मारल्या तरी त्या एकाच भोकातून जात नाहीत, थोड्या विखुरतात. चांगली रायफल शंभर मीटरवर सुमारे तीन सेंटिमीटरच्या वर्तुळात गोळ्या टाकते असे धरू. पण ती धरणारा माणूस धापा टाकत चढ चढून आलाय, एका गुडघ्यावर टेकलाय, समोर वाघ आहे. त्याच्या हाताची आणि श्वासाची चूक दहा सेंटिमीटरची धरली तर ते उदारच म्हणायचे. या दोन चुकांची साधी बेरीज होत नाही, त्यांच्या वर्गांची होते. नऊ आणि शंभर मिळून एकशे नऊ, त्याचे वर्गमूळ १०.४. आता दुपटीहून जास्त पैसे मोजून दीड सेंटिमीटरवाली रायफल आणा. उत्तर येते १०.१. एवढ्या खर्चाने पदरात पडले तीन मिलिमीटर. उलट रायफल जुनीच ठेवून त्या माणसाला सराव दिला आणि त्याची चूक पाचवर आली, तर एकूण चूक ५.८ होते. खर्च कुठे करावा, हे ठरवायला यापेक्षा जास्त गणित लागत नाही.

आता आपल्या जंगलाकडे वळू. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ११व्या कलमानुसार वाघाला गोळी घालण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षकच देऊ शकतात, तीही त्याला पकडणे, बेशुद्ध करणे किंवा दुसरीकडे हलवणे शक्य नाही अशी त्यांची खात्री झाल्यावर. त्यामुळे प्रत्यक्षात पहिले हत्यार रायफल नसते, डार्टची बंदूक असते. ही बंदूक वायूच्या दाबावर चालते आणि तिचा भरवशाचा पल्ला वीस-तीस मीटर, फार तर चाळीस. ऐकणाऱ्याला वाटते, तीस मीटरवरून उभा वाघ कोण चुकवील? इथेच फसगत होते. रायफलची गोळी सेकंदाला आठशे मीटरच्या आसपास वेगाने निघते. औषधाने भरलेला डार्ट साठ मीटरच्या आसपास. म्हणजे तीस मीटर जायला डार्टला अर्धा सेकंद लागतो, आणि तेवढ्याच वेळात रायफलची गोळी साडेतीनशे मीटर गाठते. गुरुत्वाकर्षणाला अंतराशी देणेघेणे नसते, वेळेशी असते. अर्ध्या सेकंदात कोणतीही वस्तू सव्वा मीटरच्या आसपास खाली येते आणि संथ चालणारा वाघ तेवढ्यात अर्ध्या मीटरहून अधिक पुढे सरकतो. बांबूच्या बेटातून तीस मीटरवर डार्ट मारणारा माणूस खरे तर साडेतीनशे मीटरवरच्या नेमबाजाचेच गणित सोडवत असतो, फक्त त्याचे भक्ष्य त्याच्याकडे बघत असते.

शिवाय गोळीला जी मुभा असते ती डार्टला नसते. तो मांडीच्या किंवा खांद्याच्या मांसल भागातच बसायला हवा. पोटात बसला तर जनावर मरू शकते. जवळच्या अंतराला दाब जास्त ठेवला तर सुई हाडापर्यंत जाते. दाब कमी पडला तर डार्ट वाघाच्या पायाशी पडतो आणि त्या दिवसाचे काम संपते. अंतर लेझरच्या यंत्राने मोजता येते, हे खरे. पण वाघाचे वजन कोणते यंत्र मोजणार? झायलाझिन आणि केटामिनची मात्रा वजनावर ठरते आणि ते वजन पशुवैद्याने झुडपाआडून दिसणाऱ्या पाठीवरून, ओळखीच्या पाऊलखुणेवरून, कॅमेरा ट्रॅपच्या जुन्या फोटोंवरून अंदाजायचे असते. डार्ट लागल्यावरही वाघ जागीच कोसळत नाही. पाच-दहा मिनिटे, कधी त्याहूनही जास्त वेळ तो चालत राहतो. तेवढ्यात तो नाल्यातल्या पाण्यात पडला, बोडीच्या काठाला गेला किंवा मे महिन्याच्या उन्हात उघड्यावर बेशुद्ध झाला, तर नेम अचूक बसूनही वाघ हातचा जातो. त्या दहा मिनिटांत त्याचा माग न सोडणारा, मोडलेल्या गवताच्या काडीवरून दिशा सांगणारा माणूस कुठल्याही कंपनीच्या यादीत सापडत नाही. तो बहुधा रोजंदारीवरचा वनमजूर असतो.

हत्यारांवर विसंबले की काय होते, याचा धडा शेजारच्या यवतमाळ जिल्ह्याने २०१८ साली दिला आहे. पांढरकवड्याची टी-१ वाघीण, म्हणजे लोकांची अवनी, हिच्या मागे काय काय लावले नव्हते? ड्रोन, थर्मल कॅमेरे, पॅराग्लायडर, शिकारी कुत्रे, हत्ती आणि वाघिणीला भुलवायला कॅल्व्हिन क्लाइनचे ऑब्सेशन नावाचे अत्तर. चंद्रपूरहून नेलेला गजराज हत्ती साखळी तोडून पळाला आणि त्याने एका बाईचा जीव घेतला. म्हणजे मोहिमेच्या साधनानेच एक बळी घेतला. २ नोव्हेंबरच्या रात्री वाघीण मारली गेली, ती लांबच्या अचूक नेमाने नव्हे, तर जवळून झाडलेल्या गोळीने. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशीत नंतर ज्या गोष्टींवर बोट ठेवले गेले, त्यात रायफलच्या दर्जाचा प्रश्न कुठेच नव्हता. घटनास्थळी पशुवैद्य नव्हता आणि डार्टमधले औषध मुदतीपलीकडचे जुने होते. ही सगळी माणसांच्या कामाची हयगय आहे. त्याच्या एक वर्ष आधी, २०१७ मध्ये, ब्रह्मपुरीत पकडलेल्या वाघिणीला रेडिओ कॉलर लावून बोर व्याघ्र प्रकल्पात सोडले होते. ती कुठे आहे हे उपग्रहामार्फत कळत होते आणि तरीही ऑक्टोबरात ती शेताच्या कुंपणातल्या विजेच्या तारेला लागून मेली. ती कुठे आहे हे कळत होते, पण त्या वाटेवर कोणत्या शेतात रात्री तार सोडली जाते, हे उपग्रहाला कुठून कळणार? ते त्या गावच्या बीटाचा वनरक्षक आणि त्याची गावाशी असलेली ओळख यांनाच कळू शकते.

आता उलट बाजूची दोन उदाहरणे. राजुरा-विरूर भागातला आरटी-१ हा आठ बळी घेतलेला वाघ कित्येक महिने हुलकावण्या देत राहिला. कॅमेरे होते, पिंजरे होते, नेमबाज होते. ऑक्टोबर २०२० मध्ये तो सापडला तो रेल्वेच्या पुलाखाली लावलेल्या पिंजऱ्यात, कारण त्या पुलाखालून त्याची ये-जा आहे हे माग काढणाऱ्यांनी ओळखले होते. गडचिरोली, भंडारा आणि चंद्रपूर या तीन जिल्ह्यांत १३ जणांना मारणारा सीटी-१ ऑक्टोबर २०२२ मध्ये वडसाच्या जंगलात बेशुद्ध केला गेला, तो बचाव पथकांनी दीर्घकाळ पाठलाग केल्यानंतर. तिथे बाहेरून आणलेला शिकारी नव्हता. पथकातले पशुवैद्य आणि नेमबाज वनखात्यासाठी वर्षानुवर्षे वाघ बेशुद्ध करत आलेले लोक होते. २०१४ मध्ये पोंभुर्णा भागातली वाघीण गोळीनेच मारावी लागली, तेव्हाही चाप ओढला तो आपल्याच पोलीस दलातल्या नेमबाजांनी.

यावर पहिला आक्षेप ठरलेला : मग काय, ड्रोन आणि थर्मल कॅमेरे फेकून द्यायचे? अजिबात नाही. रात्रीच्या गारव्यात धानाच्या बांधीजवळच्या झुडपात बसलेला वाघ ड्रोनने दाखवला, तर वनमजुरांचे जीव वाचतात. पण थर्मल कॅमेरा उष्णतेतला फरक पाहतो. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात दुपारी पारा पंचेचाळिशी ओलांडतो, खडक आणि जमीन वाघाच्या अंगाहून तापलेली असते, आणि नेमक्या त्याच महिन्यांत मोह वेचायला आणि तेंदू तोडायला माणसे जंगलात असतात. म्हणजे ज्या हंगामात यंत्राची सर्वाधिक गरज, त्याच हंगामात दिवसा ते अर्धे आंधळे. हे खरेदी करणाऱ्याला माहीत नसते, वापरणाऱ्याला असते. म्हणून वापरणारा आधी तयार असावा लागतो.

दुसरा आक्षेप क्रीडा नेमबाजीच्या बाजूने येतो आणि तो जास्त वजनदार आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसमध्ये २०२४ साली पन्नास मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले, तेव्हा त्याच्या हातात सामान्य रायफल नव्हती. त्या स्पर्धेत दहा गुणांचे वर्तुळ अवघ्या १०.४ मिलिमीटरचे असते. काडतुसांची प्रत्येक खेप तपासून निवडावी लागते. मग साहित्याने फरक पडत नाही असे कसे म्हणायचे? पडतो, पण कुठे ते पाहा. अंतिम फेरीतल्या आठही जणांकडे जवळपास सारख्याच तोडीच्या रायफली असतात, म्हणून पदक ठरवायला माणूसच उरतो. जिथे माणसाची चूक साहित्याच्या चुकीएवढी लहान झाली आहे, तिथे रायफलवर खर्च करणे शहाणपणाचे. आपल्या जंगलातले पथक अजून त्या टप्प्याला आलेले नाही. पथकातल्या सगळ्यांना वर्षभर पुरेसे डार्ट सरावाला मिळतात का, हा प्रश्न त्याच्या आधीचा आहे.

तिसरा आक्षेप गावाचा आहे आणि त्याला उत्तर देताना जीभ जड होते. कौशल्य घडायला वर्षे लागतात. माणसे आज मरत आहेत. खरे आहे. महाराष्ट्रात २०१८ च्या गणनेत ३१२ वाघ होते, २०२२ मध्ये ते ४४४ झाले, आणि वाढीचा मोठा भार चंद्रपूरने उचलला. ताडोबाबाहेरच्या जंगलात, वडसा-आरमोरीपर्यंत वाघ पसरले. त्यामुळे ही कामे एका मोहिमेत संपणारी नाहीत, ती दर वर्षी, दर महिन्याला करावी लागणार आहेत. घाईत आणलेला बाहेरचा नेमबाज चुकीचा वाघ टिपतो किंवा नुसता जखमी करतो, आणि जखमी वाघ त्या गावालाच भोगावा लागतो. गडचिरोलीला हे नव्याने शिकवायची गरज नाही. नक्षलवाद्यांशी लढायला १९९० मध्ये उभे केलेले सी-६० पथक कशामुळे यशस्वी झाले, हे तिथे सगळ्यांना ठाऊक आहे. गोंडी-माडिया बोलणारी, नदी-नाले आणि पायवाटा लहानपणापासून तुडवलेली स्थानिक मुले त्यात घेतली गेली. शस्त्रे नंतर सुधारली, त्याआधी पाय तयार झाले होते. वाघांच्या बचाव पथकांना हीच रीत लावायला कोण अडवते?

अडवते ती आपली खरेदीची सवय. ड्रोनची निविदा निघते, फीत कापता येते, छायाचित्र छापून येते. पुलाखालच्या वाटेवर रोज ठसा पाहणाऱ्या वनमजुराला बारमाही वेतन, विमा आणि कायम नेमणूक देण्याचा समारंभ होत नाही. पशुवैद्याची बदली झाली की दहा वर्षांचा अंदाज त्याच्याबरोबर दुसऱ्या जिल्ह्यात जातो आणि नवा अधिकारी पहिल्या डार्टपासून शिकायला लागतो. निदान वन्यजीव पशुवैद्य आणि डार्ट मारणारे कर्मचारी यांची पदे कायम करून त्यांना चंद्रपूर-गडचिरोलीतच ठेवा, त्यांच्या सोबत माग काढणारी गावातली माणसे पगारावर घ्या, आणि प्रत्येक पथकाचा सराव नोंदवहीत लिहा. हे करायला कोणताही नवा शोध लागत नाही.

पुढच्या वेळी आपल्या तालुक्यात शार्पशूटर बोलावण्याची मागणी उठेल, तेव्हा वाचकांनी लोकप्रतिनिधीला एवढेच विचारावे : आपल्या बचाव पथकाने गेल्या वर्षी सरावाला किती डार्ट मारले, किती अंतरावरून, आणि त्यातले किती बसले?