गारठ्यावरचा आळ

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा चकलीचे डबे भरलेले असतील आणि स्वेटर अजून कपाटातच असतील. आणखी दोन महिन्यांनी, पहाटेचा पारा 15-16 अंशांवर उतरला, की आमच्या भाईंदरात दोन गोष्टी हमखास घडतील. माणसे कानाला मफलर गुंडाळतील आणि इमारतीखालच्या काही गाड्या सुरू व्हायचे नाव घेणार नाहीत. "थंडी पडली ना हो!" एवढे बोलून मालक मोकळे होतील.

वाचकहो, या थंडीवर असा आळ घेण्याआधी तिची कुवत तरी पाहा. सांताक्रूझला 22 जानेवारी 1962 रोजी पारा 7.4 अंशांपर्यंत घसरला. तो तिथला आजवरचा नीचांक. म्हणजे आमच्याकडचा मोठ्यात मोठा गारठाही लडाखच्या माणसाला हसू आणील असाच! पाणी गोठते त्या तापमानाला बॅटरीची ताकद साधारण पाचव्या हिश्श्याने घटते. आमच्या 15 अंशांत जे घटते ते धडधाकट बॅटरीला जाणवतसुद्धा नाही.

मग गाडी अडते का? बॅटरीचा खरा वैरी उन्हाळा. ठोकताळाच असा आहे, की तापमान 10 अंशांनी चढले तर बॅटरीचे आयुष्य जवळजवळ निम्म्यावर येते. एप्रिल-मेमध्ये बॉनेटखाली ती भाजून निघते. डिसेंबरात इंजिनाचे तेल जरासे दाट झाले, सेल्फला थोडा जास्त जोर लागला, की तिची दुर्बलता उघडी पडते. चोरी करतो उन्हाळा आणि पकडली जाते थंडी.

दुसरा वैरी म्हणजे विश्रांती. आम्ही मीरा-भाईंदरकर कामाला जातो ते लोकलने. गाडी घेतलेली असते लग्नकार्याला, गावी जायला आणि अडीनडीला. पण उभी गाडी झोपलेली नसते. तिचे घड्याळ, गजर, कुलपाची यंत्रणा बॅटरीतून थोडी थोडी वीज पीतच असतात. 40 मिलिअँपिअर धरले तरी दिवसाला जवळजवळ एक अँपिअर-तास होतो. लहान गाडीची बॅटरी असते 35 अँपिअर-तासांची. तीन आठवड्यांत निम्म्याहून जास्त शिल्लक उडाली!

आणि नेमकी अडीनडी येते तेव्हा काय होते? गेल्या जानेवारीत पहाटे पाचला आमच्या तळमजल्यावरच्या आजोबांना दम लागला. मुलाने गाडीत बसवले, किल्ली फिरवली. आतून नुसते टक्‌टक्‌टक्‌. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. आजोबांचा श्वास इकडे वर-खाली होत होता. शेवटी कोणीतरी नाक्यावरून रिक्षा आणली. आजोबा चार दिवसांनी सुखरूप परतले. पण ती दहा मिनिटे आमची सारी इमारत विसरलेली नाही. माणूस आजारी असेल आणि गाडी एका किल्लीत सुरू झाली नाही, तर तिच्याशी हुज्जत घालू नका. 108 ला फोन लावा, मिळेल ते वाहन धरा.

त्या रविवारी आम्ही गाडीभोवती जमलो. एका मेकॅनिकने नवी बॅटरी सुचवलीच होती. आमची सौभाग्यवती म्हणाली, "अहो, खर्च करण्याआधी ती काय बोलते ते ऐका तरी!" आणि खरोखर, गाडी बोलते. किल्ली फिरवल्यावर काहीच आवाज नाही आणि समोरचे दिवेही नाहीत, तर बॅटरी संपली किंवा टर्मिनल सुटले. टक्‌टक्‌ आवाज आणि दिवे मंद, तर बॅटरी अशक्त किंवा जोड खराब. दिवे लख्ख, पण एकच 'टक्‌', तर बहुधा सेल्फमध्येच दोष. इंजिन झपाझप फिरते पण पेट घेत नाही, तर बॅटरीला दोष देऊ नका. पेट्रोल पोचत नाही किंवा ठिणगी पडत नाही. डिझेल गाडी असेल तर वेटोळ्याच्या चित्राचा दिवा विझेपर्यंत थांबा. आणखी एक कारण शेपटीचे असते! थंडीत उबेला आलेले उंदीर तारा कुरतडतात.

आमच्या रुग्णाने टक्‌टक्‌ केले होते. बॉनेट उघडले तर टर्मिनलवर पांढरी-निळसर भुकटी. मुलांना वाटले, मिठागरांचे मीठच उडून आले! ती भुकटी आम्लाच्या वाफेची. खाडीकडची दमट, खारी हवा तिला हातभार लावते, एवढेच. दहा नंबरचा पाना घेतला. आधी वजा बाजूची तार सोडवली, मग अधिक बाजूची. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून भुकटी धुतली, पुसून कोरडी केली, आणि उलट क्रमाने तारा घट्ट आवळल्या. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीचा आधार दिला, तशी स्वारी पहिल्या हाकेला सुरू झाली! मग ती तासभर फिरवून आणली. दुसऱ्या दिवशी बॅटरीचा दाब मोजला, तर 12.6 व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेली. (12.2 भरला तर निम्मी रिकामी समजावी.) नव्या बॅटरीचे पैसे वाचले ते वेगळेच.

तेव्हा गाडी अडली तर सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. मध्ये मिनिटभर थांबा. कार्ब्युरेटरच्या जुन्या फियाटसारखे ॲक्सिलरेटर दाबत बसू नका. आजच्या गाड्यांना त्याचा उपयोग नाही. धक्का मारायचाच तर हाताने गिअर बदलायच्या गाडीला, दुसऱ्या गिअरात. ऑटोमॅटिकला कधीच नाही. बॅटरीने तीन-चार उन्हाळे पाहिले असतील तर थंडीच्या आधीच तपासून घ्या.

दसऱ्याला आपण गाडीला झेंडूचा हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो, समोर नारळ फोडतो. बॉनेट मात्र उघडून पाहत नाही. या दिवाळीत तेही उघडा. आणि दर रविवारी घरच्यांना घेऊन उत्तनच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन या. मुलांना समुद्र दिसेल, बॅटरीला आहार मिळेल आणि बिचाऱ्या गारठ्यावरचा आळ टळेल.