कला रक्तात नसते

पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या शाळांत चित्रकलेचा विषय निघाला की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले : "यांना अजून जोडाक्षर वाचता येत नाही आणि चित्रं कसली काढायला लावता?" दुसरे : "यांना चित्रकला काय शिकवायची? यांच्या तर रक्तातच आहे." गंमत अशी की पुष्कळदा ही दोन्ही वाक्ये एकाच माणसाच्या तोंडून, एकच चहा संपायच्या आत निघतात. निष्कर्षही एकच निघतो : कलेचा तास गणिताला द्या.

दुसरे वाक्य आधी घेतो, कारण ते कौतुकाचा शेला पांघरून येते.

वारली लग्नघरात कुडाची भिंत शेणाने सारवतात, तिच्यावर गेरू फासतात आणि तांदळाच्या पिठाने चौक काढतात. बांबूच्या काडीचे टोक चावून मऊ केले की झाली कुंची. चौकात पालघट देवी. चौकाशिवाय लग्न लागत नाही आणि तो काढण्याचा मान सवाशिणींचा. शेजारी बसलेल्या पोरी बघत असतात. कुणी पीठ कालवून देते, कुणी कडेची नक्षी भरते, रेघ वाकडी गेली की मोठी बाई हाताला धरून सरळ करते. याला शिकवणे नाही तर काय म्हणायचे? इमारत नव्हती, हजेरीपट नव्हता, पण शिक्षिका होत्या आणि भिंत फळ्याहून मोठी होती.

आता घर सिमेंटचे झाले. मूल सहाव्या-सातव्या वर्षी आश्रमशाळेत गेले, पाड्यावर ते सुट्टीपुरते येते. चौक निघतो तेव्हा ते बहुधा वसतिगृहात असते. हा धागा तुटत असताना 'रक्तात आहे' म्हणणे फार सोयीचे, कारण रक्तातल्या गोष्टीला वेळापत्रकात जागा द्यावी लागत नाही. शिवाय वर्गात सगळी मुले वारली नसतात. कोकणा, महादेव कोळी, ठाकर, कातकरी अशी मुले एकाच सतरंजीवर बसतात. कातकऱ्याच्या पोराच्या रक्तात कोणता विषय आहे, हे या मंडळींना विचारले की ती चहाकडे वळतात.

वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांचे नाव याच वेळी हटकून पुढे केले जाते. पण त्यांचे उदाहरण उलट बाजूला जाते. आई गेल्यावर लहानगा जिव्या बोलेनासा झाला आणि धुळीत चित्रे काढून मनातले सांगू लागला, असे त्यांच्याविषयी सांगतात. पुढे 1970च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूच्या भागात आले, त्यांनी कागद आणि रंग दिले, काढलेले नीट पाहिले. बायकांच्या लग्नविधीतली कला एका पुरुषाने रोजच्या जगण्यावर आणली. 1976 साली राष्ट्रीय पुरस्कार आणि 2011 साली पद्मश्री, हे सगळे त्यानंतरचे. साधन मिळाले आणि बघणारा डोळा मिळाला, म्हणून हे घडले. प्राथमिक शाळेने याहून वेगळे काय द्यायचे असते?

आता वाचनाचा आक्षेप. तो खोटा नाही. चौथीतली मुले साध्या वाक्यावर अडखळताना मी पाहिली आहेत आणि त्या शिक्षकांची तगमगही पाहिली आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. कलेचा अंशकालीन निदेशक सहावी ते आठवीसाठी आणि तोही पट शंभरावर असेल तर. पाड्यावरच्या शाळेचा पट शंभरावर कुठून जाणार! दोन गुरुजी, चार-पाच वर्ग, वर पोषण आहाराच्या नोंदी. त्यांनी कलेच्या रकान्यात 'चित्रे आवडीने रंगवतो' अशी वर्णनात्मक नोंद पुस्तिकेतून उतरवून काढली, तर मी त्यांना दोष देणार नाही.

पण तास कापून वाचन येते, हे मात्र मला मान्य नाही. एका शाळेतली गोष्ट सांगतो. दुसरीतला एक मुलगा आईबापाबरोबर दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेला होता, तो जूनमध्ये परतला. घरची बोली वेगळी, पुस्तकातली मराठी वेगळी, त्यामुळे वर्गात त्याचे तोंड बंद. बाईंनी कोळसा आणि जुन्या कॅलेंडरचा कोरा मागचा भाग दिला. त्याने पानभर भट्टी काढली. घर कोपऱ्यात, बोटाच्या पेराएवढे. मधोमध एक बाई, तिच्या डोक्यावर विटा. मी मोजल्या, आठ होत्या, चारावर चार. बाईंनी विचारले तेव्हा तो बोलू लागला : आठ कशा रचतात, चुंबळ कशाची, वीट ओली असली की किती जड लागते. बाईंनी त्याचीच वाक्ये चित्राखाली लिहिली. त्याने ती वाचली. अडखळत, पण बोट ठेवून सगळी वाचली.

इतक्यात शाळेला भेट द्यायला आलेले एक गृहस्थ वाकून म्हणाले, "हे काय? वारली काढ ना, तारप्याचा नाच काढ."

खरी चीड मला येते ती इथे. तालुक्यात फिरा, शाळेच्या, दवाखान्याच्या, रिसॉर्टच्या भिंतीवर तोच तारपा, तेच टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. पेंटर छाप उठवून जातो आणि मुलांना सांगितले जाते की तुमची कला ही. भिंतीला हात लावायचा नाही हेही सांगितले जाते. वारली चित्राला भौगोलिक मानांकन आहे, त्यातून पोटापाण्याचे साधन होईल, हा युक्तिवाद मोठ्यांपुरता ठीक आहे. सात वर्षांचे मूल कारागीर नसते. त्याला दोन त्रिकोणांत बसवणे म्हणजे त्याने पाहिलेली वीटभट्टी पुसणे.

मग करायचे काय? फार काही नाही. आठवड्याचे दोन तास कुणी कापायचे नाहीत. गेरू, कोळसा, तांदळाचे पीठ, नागलीचा भुसा एवढ्यावर वर्षभर भागते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीत आणि पुढे कोसबादला याच जिल्ह्यात आसपासच्या वस्तूंवर बालशिक्षण उभे केले, गुरे राखणाऱ्या पोरांसाठी शाळाच कुरणात नेली. मोखाड्याचा बोहाडा, म्हणजे मुखवटे नाचवण्याचा उत्सव, तर दारातच आहे. रात्री संबळाच्या ठेक्यावर नाचवायचा मुखवटा कागदाच्या लगद्याचा का, तो हलका कसा राहतो, डोळ्यांची भोके कुठे पाडायची, हे बनवणाऱ्याने वर्गात येऊन दाखवले तर मोजमापही शिकून होते. आणि चौक काढणारी आजी महिन्यातून एकदा यावी, मानधन घेऊन, पाहुणी म्हणून नव्हे तर शिक्षिका म्हणून.

इथेच गाडी अडते. भिंत रंगवायला चौरस फुटाच्या दराने पैसे निघतात, आजीच्या मानधनाला लेखाशीर्ष सापडत नाही. एका शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत मी हा विषय मांडला होता. तो आयत्या वेळच्या विषयांत घेतला गेला आणि तोवर जेवणाची वेळ झाली.