तोंडातला शब्द कुणाचा?

परवा वस्तीतल्या एका म्हाताऱ्या आईच्या शोकसभेला गेलो होतो. आयुष्यभर जयंतीची वर्गणी गोळा करणारी बाई. विहारात बुद्धाची मूर्ती, शेजारी बाबासाहेबांचा फोटो, मेणबत्त्या, निळा झेंडा. त्रिसरण झालं, पंचशील झालं. मग एक कार्यकर्ता उठला. चांगला शिकलेला, मोर्च्यात पुढं असणारा. गळा दाटून बोलला आणि शेवटी म्हणाला, "ईश्वर त्यांच्या आत्म्याला शांती देवो."

कुणी दचकलं नाही. बाहेरच्या फ्लेक्सवर तिच्या नावाआधी 'कै.' छापलेलं. कै. म्हणजे कैलासवासी. जिनं 56 सालानंतर घरातला खंडोबा नदीत सोडला, तिला आपण मेल्यावर शंकराच्या कैलासावर धाडून दिलं! आणि खरं सांगायचं तर मीही तिथं गप्पच बसलो. ते गप्प बसणं आतून खातंय, म्हणून हे लिहितोय.

14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी 22 प्रतिज्ञा दिल्या. ब्रह्मा-विष्णू-महेशाला देव मानणार नाही. श्राद्ध करणार नाही, पिंडदान करणार नाही. बुद्धाच्या धम्मात नित्य, अमर आत्मा नाही. मग शांती कुणाला द्यायची? आणि द्यायला तो ईश्वर आला कुठून? देव्हाऱ्यातून देव काढायला एक दिवस पुरला. जिभेवरून तो अजून निघाला नाही.

याला नुसती बोलण्यातली चूक म्हणून सोडून देता येत नाही. माणूस विचार करतो तो शब्दांनीच. आणि शब्द आपल्याला मिळाले ते गावकुसाच्या आतून. ते त्यांनी आपल्या सोयीनं घडवले, आपण ते उष्ट्यासारखे घेतले. 'गाव तिथं महारवाडा' ही म्हण कशासाठी वापरतात? चांगल्याबरोबर वाईट असायचंच, हे सांगायला. म्हणजे म्हण शिकता शिकता पोर हेही शिकतं की वाईट कुठं राहतं. चार टवाळ पोरं जमली की 'चांडाळचौकडी'. चांडाळ कोण होता, त्याला गावाबाहेर कुणी काढलं, हे कुणी विचारत नाही. शिवी तेवढी उरते. शाळेत समतेचा धडा येतो सातव्या-आठव्या वर्षी. तोवर ही भाषा हाडात मुरलेली असते.

आणि आपण? आपण आपल्याच लेखांत, भाषणांत सर्रास 'उच्चवर्णीय' लिहितो. 'वरच्या जातीचे' म्हणतो, 'खालच्या जातीचे' म्हणतो. अरे, वर कोण आणि खाली कोण? हे माप कुणाचं? ज्या शिडीवर आपला विश्वास नाही, ती शिडी आपण रोज तोंडानं उभी करतो आणि मग तिच्यावरून खाली ढकलल्याची तक्रार करतो.

बाबासाहेबांना हे पुरतं ठाऊक होतं. त्यांच्या पत्रांची नुसती नावं एका ओळीत लावून बघा. 1920 साली 'मूकनायक'. 1927 साली 'बहिष्कृत भारत'. मग 'समता', मग 'जनता'. आणि 1956 साली 'प्रबुद्ध भारत'. मुका, बहिष्कृत आणि शेवटी प्रबुद्ध. आधी आपण कोण आहोत हे उघड्या शब्दांत सांगितलं, मग कोण व्हायचंय ते सांगितलं. 1938 साली मुंबईच्या विधानसभेत लोकल बोर्डाच्या विधेयकात 'हरिजन' हा शब्द आला, तेव्हा बाबासाहेबांनी विरोध केला आणि आपल्या सदस्यांसह सभात्याग केला. एका शब्दासाठी सभात्याग! शब्द गोड होता, देवाचं नाव त्यात होतं. पण तो ज्यांना लावायचा त्यांना कुणी विचारलं नव्हतं. दयेनं दिलेलं नाव हेसुद्धा गळ्यातलं मडकंच असतं.

आता 'जोहार' घ्या. आदिवासी भाऊ एकमेकांना जोहार म्हणतात तेव्हा तो बरोबरीचा नमस्कार असतो. आपल्या बापजाद्यांच्या तोंडी तोच शब्द आला तो कंबर वाकवून, पाटलाच्या वाड्याबाहेर उभं राहून. तो शब्द फक्त खालून वर जायचा. त्या जागी 'जय भीम' आला. त्याचं श्रेय कामठीच्या बाबू हरदासांना दिलं जातं. जय भीमला उत्तर काय? जय भीमच! म्हणणारा आणि ऐकणारा एका पातळीवर. दोन शब्दांनी पाठीचा कणा सरळ केला. कुठलाही कायदा करायच्या आधी हे झालं.

शब्दाची ताकद त्यांनाही कळते, म्हणून तर ते चवताळतात. 27 जुलै 1978 ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. पेटला म्हणजे आपली घरं पेटली. नांदेड जिल्ह्यातल्या पोचीराम कांबळेंचा जीव घेतला. मागणी कशाची होती? जमिनीची नव्हती, पैशाची नव्हती. एका पाटीवर एक नाव. ते लागायला 14 जानेवारी 1994 उजाडावं लागलं, आणि तेही जुन्या नावाला जोडून. 2018 साली केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयानं खासगी वाहिन्यांना सल्ला दिला की 'दलित' शब्द टाळा, 'अनुसूचित जाती' म्हणा. 'दलित' म्हटलं की प्रश्न येतो, कुणी दळलं, कुणी चिरडलं? अनुसूचीत मात्र कुणीच गुन्हेगार नसतो. नुसती यादी असते.

उलट डिसेंबर 2020 मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं वाड्यावस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. महारवाड्याचं भीमनगर, समतानगर करायचं. ठीक आहे, पाटी बदला. पण नळ कुठं येतो, मसणवटा वेगळा आहे का, तेही त्याच पाटीखाली उभं राहून विचारायला पाहिजे.

इथं काही मित्र म्हणतील, शब्दानं पोट भरतं का? जमीन नाही, नोकरी नाही, आणि तुम्ही 'कै.' काय काढत बसलात? प्रश्न खोटा नाही. या चळवळीत तो भांडण होऊन आला, माणसं त्यावरून फुटली. पण माझं म्हणणं एवढंच, जो माणूस 'माझ्या नशिबात नव्हतं' म्हणतो तो जमीन मागायला जात नाही. 'मागच्या जन्मीचं फळ' म्हणणारी बाई मजुरी वाढवून मागत नाही. नशीब, प्रारब्ध, पूर्वसंचित हे शब्द सावकाराच्या आणि ठेकेदाराच्या कामाचे आहेत. त्याला लाठी उचलावी लागत नाही. आपली जीभच त्याचा पहारा करते. भाकरीची लढाई आणि भाषेची लढाई वेगळ्या नाहीत.

आता जरा आपल्याच घरात बघू. आपली नवी प्रतीकं तरी जिवंत आहेत का? वंदना पालीत म्हणतो. ज्यांच्या आज्यापणज्यांना मंत्र ऐकायलाही बंदी होती, त्यांच्या तोंडी पाली गाथा आल्या, ही मोठी गोष्ट. आमच्या आया त्या म्हणताना ताठ बसायच्या. पण साठहून जास्त वर्षं झाली, अर्थ किती जणांना ठाऊक? पाच शिलांपैकी चौथं कशाबद्दल आहे, विचारा. बरेच जण डोकं खाजवतील. न कळणारे शब्द, एक म्हणणारा, बाकी मागून पुटपुटणारे. मग भटजीच्या मंत्रात आणि यात फरक काय राहिला?

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळात जन्मलेले दोन भिक्खू बुद्धाकडं तक्रार घेऊन येतात. नाना जातींचे, नाना कुळांचे लोक भिक्खू झालेत, ते आपापल्या बोलीत बुद्धवचन बिघडवतात. आम्ही ते छंदसात, म्हणजे वेदाच्या भाषेत बांधून ठेवू का? बुद्धानं त्यांना फटकारलं आणि साफ नकार दिला. अडीच हजार वर्षांपूर्वी त्यानं बोलीची बाजू घेतली. आणि आज आपण त्याच्याच वचनांना संस्कृतासारखं सोवळं नेसवून ठेवलंय.

बाबासाहेबांच्या पुतळ्याचंही तेच. त्यांच्या हाताखाली पुस्तक आहे. आपण त्या पुस्तकाकडं बघत नाही, पायाशी नारळ ठेवतो. काही ठिकाणी नवससुद्धा. पुतळ्याचं बोट रस्ता दाखवतं आणि आपण बोटालाच हार घालून परत फिरतो.

मग करायचं काय? मोठ्या परिषदेची गरज नाही. वंदना पालीत म्हणा, पण लगेच मराठीत, आपल्या बोलीत अर्थ सांगा. पोरांनी विचारलेल्या प्रश्नाला दटावू नका. मेलेल्या माणसाच्या नावाआधी 'कै.' आणि 'स्वर्गीय' लिहू नका. 'कालकथित' हा आपला शब्द आहे, तो लिहा. 'आत्म्याला शांती' म्हणायच्या जागी तो माणूस काय करून गेला ते सांगा, आणि त्यातलं कुठलं काम आपण पुढं नेणार ते बोला. 'उच्च' आणि 'खालची' हे शब्द खोडा. चुकलं तर तिथंच थांबवा, भर सभेत, प्रेमानं पण स्पष्ट. मी त्या दिवशी केलं नाही ते तुम्ही करा.

त्या आईला सही करता येत नव्हती. पण तिच्या सासूनं म्हटलेला जोहार तिनं कधी म्हटला नाही. तहसीलदार असो की पाटील, समोर आला की जय भीम. तिला भाषाशास्त्र शिकवायची गरज पडली नव्हती. तोंडातला शब्द कुणाचा आहे हे तिला कळत होतं.

आपण शिकलो, आणि आपणच तिला कैलासावर पाठवलं. पुढच्या शोकसभेत तरी असं होऊ नये.

जय भीम.