पदवीला सीमा नाही, प्रवेशाला मात्र वेस आहे

युरोपातील २९ देशांच्या शिक्षणमंत्र्यांनी १९ जून १९९९ रोजी इटलीतील बोलोन्या येथे एका जाहीरनाम्यावर सह्या केल्या. देशोदेशीच्या पदव्या एकमेकांशी जुळाव्यात, एका देशात मिळविलेले क्रेडिट विद्यार्थ्याला दुसऱ्या देशात नेता यावे आणि युरोपची विद्यापीठे जगाच्या स्पर्धेत उतरावीत, हा त्यामागचा हेतू. पुढच्याच वर्षी लिस्बनला युरोपीय संघाने २०१० पर्यंत जगातील सर्वात स्पर्धाक्षम ज्ञानाधिष्ठित अर्थव्यवस्था होण्याचे लक्ष्य जाहीर केले. विद्यापीठ बाजाराच्या दावणीला बांधले गेले ते असे.

या एकीकरणाला आमचा सरसकट विरोध नाही. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून बाबासाहेबांना १९१७ साली लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. १९२० साली ते पुन्हा गेले, ते स्वतःची बचत, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर. ज्याचे शिक्षण मध्येच तुटते, त्याला झालेला अभ्यास वाया न जाण्याची किंमत कळते.

परंतु वकील म्हणून आम्ही कोणताही दस्तऐवज वाचताना आधी पाहतो, बंधन कोणावर आहे? बोलोन्याचा जाहीरनामा हा करार नव्हे. त्याच्या आधारे कोणाला कोर्टात खेचता येत नाही. तरीही जर्मनीसारख्या देशाने आपली जुनी डिप्लोम पदवी बहुतेक विषयांत मोडीत काढली आणि बॅचलर-मास्टरची रचना स्वीकारली. वर्षाला ६० क्रेडिट हे माप सर्वत्र रुजले. जेथे बाजाराची गरज होती, तेथे कायद्याचा धाकही लागला नाही!

आता दुसरी बाजू. विद्यार्थी संघटनांच्या रेट्यामुळे २००१ साली प्रागच्या बैठकीत ‘सामाजिक परिमाण’ हा शब्द आला. मे २००७ मध्ये लंडनला मंत्र्यांनी मान्य केले की उच्च शिक्षणात प्रवेश घेणारे, शिकणारे आणि ते पूर्ण करणारे विद्यार्थी समाजातील विविधतेचे प्रतिबिंब असावेत. शब्द सुंदर आहेत. त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने झेक प्रजासत्ताकाविरुद्ध निकाल दिला. ऑस्त्राव्हा शहरातील १८ रोमा मुलांना मंदबुद्धीच्या मुलांसाठी असलेल्या विशेष शाळांत घातले गेले होते. न्यायालयाने त्याला भेदभाव ठरविले. झेक प्रजासत्ताकाची सही बोलोन्यात पहिल्याच दिवशी झाली होती. ज्याला सहाव्या-सातव्या वर्षी वेशीबाहेर काढले, त्याने आपले क्रेडिट कोणत्या देशात न्यायचे?

आपल्या वाचकांना ठाऊक असेल, २००७ सालीच हंगेरीतील शायोकाझा या गावी रोमा मुलांसाठी डॉ. आंबेडकरांच्या नावाची शाळा उभी राहिली. ती जय भीम नेटवर्कची. शाळेतून गळालेल्या तरुणांना मॅट्रिकपर्यंत नेणे हे तिचे काम. युरोपच्या मंत्र्यांनी जे कागदावर ठेवले, ते करण्यासाठी तेथील वंचितांना बाबासाहेबांकडे यावे लागले.

सामाजिक परिमाणाची तत्त्वे ठरायला पुढे २०२० साल उजाडले. त्यांत एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहिली आहे, ती म्हणजे विश्वसनीय आकडेवारीशिवाय यात सुधारणा नाही.

आपल्याकडेही २०२० च्या शैक्षणिक धोरणाने २०२१ पासून क्रेडिट बँक आणि एका वर्षाने प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडण्याची मुभा आणली. युरोपातली चौकट आली, पण सामाजिक परिमाण वाटेत कोठे गळाले? पहिल्या वर्षानंतर बाहेर पडणारा कोण असेल, हे सांगायला ज्योतिषी नको. फी थकलेला, शिष्यवृत्तीची वाट पाहणारा, बापाबरोबर कामावर जाणारा. पूर्वी त्याला गळती म्हणत. आता त्याच्या हातात प्रमाणपत्र देऊन त्याला ‘निवड’ म्हणतील.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक विद्यापीठाने दरवर्षी जाहीर करावे, पहिल्या आणि दुसऱ्या वर्षानंतर किती विद्यार्थी बाहेर पडले, त्यांत अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त आणि ओबीसी किती, मुली किती, आणि त्यांतले परत किती आले. आपल्या विद्यार्थी संघटनांनी सिनेटच्या पुढच्या बैठकीत हा ठराव मांडावा. विद्यापीठ आकडे देत नसेल तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.